निळ्या दोऱ्याची बाटली

बाईंनी चिमट्याने पोलादाची गोळी उचलली, दिव्याखाली फिरवून पाहिली आणि यंत्राच्या पकडीत बसवली. गोळी मिऱ्याएवढी. तिच्याखाली तळहातात मावेल एवढी गुळगुळीत चकती. गळ्याला निळा दोरा बांधलेल्या बाटलीतून त्यांनी चकतीवर तेल ओतले, पेटीचे झाकण आवळले, आतली हवा शोषून घेतली आणि फ्रिजच्या नळ्यांतून फिरतो तोच वायू तिच्या जागी हळूहळू सोडला. मग वजन टाकले. चकती फिरू लागली. समोरच्या पडद्यावर घर्षणाची हिरवी रेघ थोडी उसळली, थरथरली आणि खाली येऊन आडवी पसरली.

ती फारच खाली पसरली होती. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर घेतला, तरी रेघ तिथेच होती.

फ्रिजच्या मागे, खालच्या बाजूला, काळ्या डब्यात कॉम्प्रेसर घुमत असतो. त्याच्या पोटात जे चालते त्याचे हे लहानसे सोंग होते. तिथेही पोलादावर पोलाद घासते आणि दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. मोटारगाडीचे तेल बदलता येते, तसे हे बदलता येत नाही. कारखान्यात तेल भरले, डबा जोडून बंद केला, की आत जे काही गेले त्यालाच पुढचा सगळा जन्म काढावा लागतो. आजवर तिथे खनिज तेल जात आले होते, किंवा कारखान्यात घडवलेले महागडे तेल. बियांपासून काढलेल्या तेलाला ते काम जमेल का, एवढाच बाईंचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नात त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे सुखाने गेली होती.

तास संपला. बाईंनी गोळी काढली, धुतली, एका डबीत ठेवली आणि डबी कपाटाच्या वरून पलीकडे धरली. पलीकडून एका हाताने ती अलगद घेतली.

हे कपाट म्हणजे त्या प्रयोगशाळेची सीमारेषा होती. अलीकडे यंत्र, पडदा, बाटल्या आणि बाई. पलीकडे सूक्ष्मदर्शक आणि मापाडी. त्यांचे खरे नाव पगारपत्रकावर होते. बाकी सगळ्यांना ते मापाडी म्हणूनच ठाऊक होते, आणि त्यांनाही ते नाव आवडत असावे, कारण फोनवर ते स्वतःच तसे सांगत. जो ओततो त्याने मोजायचे नाही आणि जो मोजतो त्याला काय ओतले ते सांगायचे नाही, असा इथला रिवाज होता. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी आपल्या आवडत्या तेलाची झीज मोजताना त्याचा डोळा नकळत मवाळ होतो, असे बाईंचे मत. म्हणून बाटल्यांवर नावे नसत, नुसते रंगीत दोरे असत. कोणता दोरा कोणत्या तेलाचा हे फक्त बाईंना ठाऊक, आणि तेही त्या अधूनमधून बदलत.

मापाडींनी गोळी भिंगाखाली ठेवली. घासल्यामुळे गोळीवर एक चपटा गोल डाग पडतो, तीच झिजेची खूण. ती किती रुंद, एवढेच त्यांना सांगायचे असे. पण नुसता आकडा सांगून गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"बाई, हिला कुणी सांगितलंच नाही वाटतं की तास झाला," कपाटामागून आवाज आला. "नुकतीच आंघोळ करून आल्यासारखी बसलीये. एकशे त्रेसष्ट मायक्रॉन."

बाईंनी आकडा लिहून घेतला. त्याच पिंपातल्या, त्याच तेलाच्या दुसऱ्या बाटल्यांमधून ओतले तेव्हा तो अडीचशेच्या आसपास यायचा. इतका फरक पिंपात नसतो. तो कुठून तरी यावा लागतो.

ही गोष्ट बाहेर गेली नसती तर बाईंनी तिच्यामागे मजेत हिवाळा काढला असता. पण निळ्या दोऱ्याचे पहिले आकडे आले तेव्हाच विभागप्रमुखांनी ते उत्साहाच्या भरात एका कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपनीला कळवून टाकले होते. कंपनीचा इंजिनिअर फोनवर मोठ्या खुशीत बोलला. पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी तो स्वतः येणार, त्याच्या डोळ्यांदेखत तासाची प्रमाण चाचणी होणार, आणि झीज तेवढीच कमी आली तर दोन वर्षांचे काम प्रयोगशाळेला मिळणार. त्या कामात मोजणाऱ्या माणसाची जागा दोन्ही वर्षांसाठी धरलेली होती.

ती जागा कुणाची हे सांगावे लागत नव्हते. मापाडी भिंगे आणि प्रकाश यांचा अभ्यास केलेले. त्यांचा मूळ विभाग बंद पडला तेव्हापासून ते इथे वर्षाच्या नेमणुकीवर होते. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची आणि दर उन्हाळ्यात बाई कार्यालयाचे उंबरे झिजवून ती वाढवून आणायच्या. यंदा मात्र कार्यालयाने आधीच कळवले होते की बाहेरून काम आले नाही तर वाढ नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नवी जागा कोण देणार? मापाडी याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत. पण मध्यंतरी त्यांच्या बोलण्यातून एक शब्द नाहीसा झाला होता आणि कंपनीचा फोन आल्यापासून तो परत येऊ लागला होता. पुढच्या वर्षी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलून घेऊ. पुढच्या वर्षी ही खिडकी जरा उघडती करून घेऊ. पुढच्या वर्षी धाकटीला एकदा हे सगळं दाखवायला आणतो.

बाईंनी शोध सुरू केला. आधी संशय चकत्यांवर गेला, तो नव्या खोक्यातल्या चकत्या काढून मिटवला. मग वायूवर गेला, नळकांडे बदलले. मग पेटीच्या रबरी कड्यावर गेला, कारण जुने रबर तेलात काहीतरी सोडू शकते. कडे नवे आले आणि निळा दोरा तसाच हसत राहिला. एक दिवस त्यांना स्वतःच्याच हाताचा संशय आला. निळी बाटली उचलताना आपण जास्त जपून ओततो की काय? त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून, दोरे चाचपता येऊ नयेत म्हणून हातमोजे घालून बाटल्या उचलल्या. निकाल तोच. शेवटी निळ्या बाटलीतले थोडे तेल त्यांनी कोऱ्या बाटलीत ओतले आणि त्यातून चाचणी लावली. झीज तेवढीच कमी. म्हणजे गुण बाटलीचा नव्हता, हाताचा नव्हता, तेलाचा होता. एका पिंपातून निघालेल्या भावंडांपैकी एकच वेगळे निघाले होते, आणि ते जन्मानंतर वेगळे झाले होते.

घरी जाताना त्यांनी दोन लहान कुप्यांत दोन्ही तेले घेतली. त्यांना स्वतःला निळ्या तेलाचा वास किंचित उग्र वाटत होता, पण दिवसभर तेलातच बसणाऱ्या नाकाचा काय भरवसा? आई स्वयंपाकघरात स्टुलावर पाय पसरून बसली होती. बाईंनी झाकणे काढून दोन्ही कुप्या तिच्यापुढे धरल्या.

"कुठला वास वेगळा येतोय का बघ गं."

आईने दोन्ही हुंगल्या, डोळे बारीक केले, पुन्हा हुंगल्या.

"माझं नाक चार दिवस चोंदलंय," ती म्हणाली. "मला आत्ता अत्तर आणि रॉकेल एकच. आणि त्या गोळ्यांची झीज मोजतेस ती मोज, पण माझ्या गुडघ्यांची कधी मोजणार?"

बाई हसल्या आणि कुप्या बंद करून पिशवीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेच्या बऱ्याच आधी निघाल्या. कारण काही नव्हते. कुतूहलाने झोप मोडली होती एवढेच. प्रयोगशाळेचे दार उघडे होते आणि आत दिवा होता. मापाडी रोज त्यांच्या आधी येतात हे बाईंना ठाऊक होते. पण येऊन काय करतात, हे इतक्या वर्षांत त्यांनी कधी पाहिले नव्हते. आपण येतो तेव्हा चकत्या धुतलेल्या असतात, बाटली तबकात असते, टेबल पुसलेले असते. सकाळ तिथूनच सुरू होते, असे त्या धरून चालल्या होत्या.

मापाडींची पाठ दाराकडे होती. चकत्या धुण्याच्या हौदात त्यांनी गरम पाणी भरले, कळ दाबली, हौद गुणगुणू लागला आणि वाफेने त्यांचा चष्मा पांढरा झाला. तो त्यांनी काढून खिशात ठेवला. मग तबकातली त्या दिवसाची बाटली उचलली, तिचे झाकण दोन आटे सैल केले आणि ती शेजारच्या वाळवण-भट्टीच्या डोक्यावर ठेवली. तिथे एक जुना रुमाल चौघडी करून पसरलेला होता. बाटलीचे बूड बसून बसून त्यावर गोल वण उमटला होता. हौदाची वाफ वळसे घेत बाटलीच्या गळ्याशी जात होती. मापाडींनी बाटलीला बोट लावून पाहिले, जसे एखाद्या लहान मुलाच्या दुधाला लावून पाहावे.

बाई दारातच थांबल्या. थोड्या वेळाने त्या मुद्दाम पाय वाजवत आत आल्या.

"आज लवकर?" मापाडींनी विचारले.

"जाग आली. हे काय करताय?"

"तेल आखडलेलं असतं सकाळी. जरा ऊब दिली की त्यातले बुडबुडे निघून जातात. थंडीत आपल्यालासुद्धा आधी पाणी तापवून लागतं की."

"पावसाळ्यात पट्टा तुटून यंत्र बंद होतं, तेव्हाही ठेवायचात?"

"रोज," मापाडी अभिमानाने म्हणाले. "पट्टा यंत्राचा तुटला होता, बाई. तेलानं काय गुन्हा केला होता?"

यंत्र बंद पडले त्या दिवशी तबकात कोणती बाटली राहिली होती, हे बाईंना आठवायला वेळ लागला नाही. बाकीच्या साऱ्या कपाटात बंद होत्या. पट्टा यायला पावसाळ्याचे सगळे दिवस गेले होते.

 दुपारी मापाडी जेवायला गेले तेव्हा बाईंनी कोपऱ्यातले बुरेट धुतले, त्यात आम्लारीचे द्रावण भरले आणि खाली दोन चंचुपात्रे ठेवली, एकात नवे तेल आणि एकात निळ्या दोऱ्याचे. दोन्हींत दर्शकाचे थेंब टाकले. शाळेतली मुले करतात तोच हा प्रयोग. आम्ल संपले की पात्र गुलाबी होते. नवे तेल पहिल्या थेंबालाच लाजल्यासारखे गुलाबी झाले. निळे तेल होईना. थेंब पडत राहिले, पात्र ते गिळत राहिले, आणि बाई ओठ आवळून पाहत राहिल्या, कारण मनातून त्यांना अतिशय आनंद होत होता आणि तो होऊ नये असेही वाटत होते.

तेल खवट झाले होते. रोजची ऊब आणि रोजची वाफ पोटात घेऊन ते हळूहळू फुटले होते, आणि फुटताना त्यातून आम्ल सुटले होते. त्या आम्लानेच गोळीला सांभाळले होते.

संध्याकाळी त्यांनी निळ्या तेलाची थोडी मात्रा तांब्याच्या नळीच्या तुकड्यासह एका बरणीत भरली आणि बरणी उबेत ठेवली. दुसरी मात्रा यंत्रावर लावली आणि तासानंतर ते बंद केले नाही. अधूनमधून गोळी काढून त्या पलीकडे देत. मापाडी आकडे सांगत. पहिले आकडे सुंदर होते. मग खूण वाढू लागली. मग तिच्या कडा दातेरी झाल्या.

"बाई, हिला काहीतरी कुरतडतंय," मापाडी म्हणाले. "घासलं गेल्यासारखं नाही हे. खाल्ल्यासारखं आहे."

आठवडा उलटला तेव्हा बरणीतले तेल हिरवट झाले होते आणि नळीची लाली जाऊन ती काळवंडली होती. फ्रिजच्या पोटात अशा कितीतरी हात लांब नळ्या असतात.

गुरुवार दोन दिवसांवर आला. तिसऱ्या प्रहरी बाई कपाटाला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्या तिकडे सहसा जात नसत. मापाडी भिंगे पुसत होते. त्यांनी घाईघाईने दुसरे स्टूल पुढे केले. बाईंनी काही समजावून सांगितले नाही. त्यांनी बुरेट, दोन पात्रे, निळ्या दोऱ्याची बाटली आणि बरणी त्यांच्यापुढे मांडली आणि म्हणाल्या, "तुम्हीच टाका थेंब."

मापाडींनी टाकले. पहिले पात्र लगेच रंगले. दुसऱ्यापाशी त्यांची बोटे बुरेटच्या कळीवर बराच वेळ राहिली. मग त्यांनी कळ बंद केली, बाटलीवरचा निळा दोरा पाहिला, बाटली नाकाशी नेली आणि खाली ठेवली. शाळेतला हा प्रयोग त्यांनीही केलेला होता. पुढचे त्यांचे त्यांनाच कळले. खोलीच्या पार त्या टोकाला भट्टीच्या डोक्यावरचा रुमाल दिसत होता. त्यांनी तिकडे एकदा पाहिले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "लाड करकरून बिघडवलं."

"लाडानं एक वेगळीच गोष्ट कळली ना. नाहीतर कधी कळली असती?"

"पण मग झीज कमी कशी?"

त्यांच्या आवाजात अजून तरी नुसते कुतूहल होते, आणि बाईंना त्याचे बरे वाटले. त्यांनी सांगितले की आम्लाच्या लांबट रेणूंचे एक टोक पोलादाला घट्ट धरते आणि दुसरे वर उभे राहते, दाट गवतासारखे. गोळी पोलादावरून जातच नाही, त्या गवतावरून जाते.

"छान आहे हे," मापाडी म्हणाले. "फार छान आहे." मग त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. हिरवट तेलात काळी नळी तिरकी पडली होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली आणि जिथून उचलली होती बरोबर तिथेच ठेवली.

"एक तास मात्र ते झकास चालतं," ते हळूच म्हणाले.

"एक तास झकास चालतं."

"त्यांची चाचणीही तासाचीच आहे."

 बाहेरच्या रस्त्यावरून कुणी लोखंडी शिडी फरफटत नेत होते. तो आवाज लांब जाईपर्यंत दोघेही ऐकत राहिले. मापाडींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी काही विचारलं नाही असं समजा."

"तुम्ही काही विचारलंच नाहीत," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. कपाटापर्यंत गेल्या तेव्हा मागून मापाडींचा आवाज आला. "आणि गुरुवारी काय ओताल ते मला सांगू नका हं. नेहमीसारखंच."

बुधवारी संध्याकाळी बाई भांडी विसळत होत्या आणि त्यांच्या मागे आईचा जुना फ्रिज घुमत होता. तो त्यांच्या वडिलांनी आणलेला. त्याचे हँडल बदलले होते, रबर बदलले होते, दाराचा रंग दोनदा बदलला होता, पण काळा डबा आहे तोच होता. वडील जाऊनही बरीच वर्षे झाली. त्या डब्यात जे तेल भरले गेले ते कुणी तरी एका सकाळी भरले होते, आणि भरून झाल्यावर त्या माणसाकडे कुणी परत चौकशीला गेले नव्हते. बाईंनी नळ बंद करून कान दिला. डबा मधेच थांबला, फ्रिज एकदा अंगभर थरथरला आणि निवांत झाला.

"काय गं, कुणाचा फोन यायचाय का?" आईने बाहेरून विचारले. "मघापासून भांड्याचा आवाज नाही."

"नाही. फ्रिज ऐकत होते."

"अरे देवा," आई म्हणाली. "ऐक बाई ऐक. माझं तर कधी ऐकत नाहीस."

गुरुवारी कंपनीचा इंजिनिअर वेळेआधीच आला. तिशीतला, बोलका माणूस. घसा बसला होता म्हणून सारख्या गोळ्या चघळत होता. आल्या आल्या त्याने त्या सोन्याच्या बाटलीचे दर्शन घडवा म्हटले. मग कपाटामागे डोकावून मापाडींना हात जोडले आणि तुमच्या हातातच आमचे नशीब आहे असे काहीबाही बोलला. मापाडी हसले. आज त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पण सकाळी बाई आल्या तेव्हा भट्टीच्या डोक्यावर बाटली नव्हती. रुमालही नव्हता.

बाईंनी चकती लावली, गोळी लावली. मग कपाट उघडले. वरच्या खणात निळ्या दोऱ्याची बाटली होती; तिच्या तळाशी एका चाचणीपुरते तेल उरले होते. बाईंनी हात खालच्या खणात घातला आणि मोहोरबंद बाटली काढली. टेबलावर आणून तिची मोहोर मोडली, गळ्याला पांढरा दोरा बांधला आणि तेल ओतले. इंजिनिअर खिशात पेन शोधत होता. कपाटापलीकडे मापाडी भिंगासमोर पाठ करून बसले होते, जसे चाचणी चालू असताना ते नेहमी बसत.

चकती फिरली. हिरवी रेघ उसळली आणि खाली आली, पण पार खाली नाही.

"जरा वर वाटतेय का, मॅडम?"

"आहे जरा वर."

"असू दे. आम्हाला रेघेचं एवढं नाही, झिजेचं आहे."

तासभर तो आपल्या कारखान्याच्या गमती सांगत राहिला आणि बाई हं हं करत राहिल्या. मग त्यांनी गोळी काढली, धुतली, डबीत ठेवली आणि डबी कपाटावरून पलीकडे धरली. तिकडच्या हाताने ती घेतली. रिवाजाप्रमाणे बाई आपल्या जागी परत आल्या आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. सूक्ष्मदर्शकाला दुसरे एक भिंग होते. एरवी शिकायला आलेल्या मुलांसाठी. हवे तर त्यातून कुणालाही पाहता आले असते. त्या उठल्या नाहीत.

कपाटामागे फिरकीचा बारीक आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला, उलट्या बाजूने. एरवी एवढ्या वेळात मापाडींची एखादी तरी टिप्पणी आली असती. आज खोलीत फक्त इंजिनिअरच्या दातांवर घशाची गोळी आपटत होती. भिंग पुसल्याचा आवाज आला. मग स्टूल किंचित पुढे सरकले.

बाईंची नजर पडद्यावर होती, आणि पडद्यावर आता काहीच नव्हते.

"दोनशे चोपन्न," मापाडी म्हणाले.

इंजिनिअरने पेन उचलले आणि तसेच धरून ठेवले. "दोनशे? पुन्हा बघता का जरा?"

"दोनदा पाहिलं. एकदा उभं, एकदा आडवं. दोनशे चोपन्न मायक्रॉन. कडा स्वच्छ आहेत."

मग बाईंनी सांगितले. आधीच्या आकड्यांची बाटली वेगळी होती आणि ती प्रयोगशाळेतच खवट झाली होती. आज ओतले ते पिंपातले खरे तेल. आम्ल, गवत, तांबे, सगळे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले आणि बरणी त्याच्यापुढे ठेवली. ती कशामुळे खवट झाली एवढे मात्र त्यांनी सांगितले नाही. ते पलीकडून आले. "ऊब आणि वाफ. रोज सकाळी मीच द्यायचो."

इंजिनिअर बरणीकडे पाहत राहिला. त्याची खुशी ओसरली होती, यात शंका नव्हती. त्याने पेनाला टोपण लावले. घड्याळ पाहिले. साहेबांना काय सांगायचे हे जुळवत असल्यासारखे त्याचे ओठ हलले. मग त्याने बरणी हातात घेऊन तिरकी केली. काळी नळी तेलातून सरकत एका बाजूला गेली.

"हे खवट," तो म्हणाला, "म्हणजे नक्की किती खवट? म्हणजे थोडंसंच असतं, तर तांब्याला कळलं असतं का?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. गेल्या आठवड्यात हा प्रश्न त्यांनी स्वतःला रोज विचारला होता.

"माझी गाडी चारची आहे," इंजिनिअर म्हणाला, पण उठला नाही.

कपाटापलीकडे डबीचे झाकण लागले. "बाई, एका चाचणीला तीन गोळ्या घ्यायच्या असतात," मापाडी म्हणाले. "अजून एकच झाली. दुसरी लावा."

बाई उठल्या. त्यांनी नवी चकती पुसायला घेतली. इंजिनिअरने बरणी खाली ठेवली आणि आपली खुर्ची यंत्राच्या बाजूला ओढली.

"मी बसलो तर चालेल ना?" त्याने कपाटाच्या दिशेने विचारले.

"बसा की," मापाडी म्हणाले. "फक्त बाई काय ओततात ते मला सांगू नका."